खुर्चीची साक्ष

मृण्मयीने परताव्याच्या खिडकीत तिकीट सरकवलं. "पैसे परत द्या. सात महिन्यांची मुलगी पहिल्यांदाच सासूबाईंकडे ठेवून आले, ती काय हे असलं बघायला?"

खिडकीतल्या दमयंतीबाईंनी तिकीट यंत्रावर धरलं. सिनेमा आवडला नाही तर पैसे परत मिळायचे; पण आवडला की नाही, हे हल्ली प्रेक्षकाची खुर्चीच सांगायची. नाडी, श्वास, सगळं मोजून.

"नाही मिळणार, ताई. अख्ख्या थिएटरात सगळ्यात समाधानी खुर्ची तुमचीच."

"बिघडली असेल. मला तर गोष्टसुद्धा धड आठवत नाहीये."

बाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. पहिली पंधरा मिनिटं रेघ नुसती थरथरत होती. तेवढ्या वेळात तिने घरी चार निरोप धाडले होते. मग रेघ खाली उतरली आणि शेवटपर्यंत संथ राहिली.

"पावणेदोन तास झोपलात हो तुम्ही. रात्री जागवते ना बाळ?"

मृण्मयी ओशाळली. तिने फोन पाहिला. सासूबाईंनी कळवलं होतं, 'दूध प्यायली, खेळतेय. सावकाश ये.'

तिने तिकीट उचलून पर्समध्ये ठेवलं. जाता जाता वळून विचारलं, "हा सिनेमा पुढच्या शनिवारपर्यंत टिकेल का हो?"