पाईपाचं कपाट

"धूळ ओढायचं मशीन घेतलं का?" डॉक्टरबाईंनी कानातली नळी काढत विचारलं.

"घेतलं की, मॅडम. चार महिने झाले," धर्मराज म्हणाला.

"रोज वापरता ना?"

खरं उत्तर धर्मराजच्या जिभेवर आलं होतं. पण त्याच्याआधी त्याची बायको शालू बोलून गेली. "वापरतेत ना. दुकान उघडलं की मशीन बराबर चालू." एवढं बोलण्यातच तिला खोकल्याची उबळ आली आणि तिने तोंडाला पदर लावला.

धर्मराजने मान खाली घातली. भोकरदनहून जालन्याकडे निघालं की उजव्या हाताला त्याचं फर्निचरचं दुकान. तो प्लाय कापायचा आणि शालू पॉलिश पेपरने घासायची. बारा वर्षांत जी धूळ बाहेर गेली नाही, ती तिच्या छातीत गेली. याच डॉक्टरबाईंनी चार महिन्यांपूर्वी मशीन घ्यायला सांगितलं होतं. धर्मराजने पुढचामागचा विचार न करता ते दुसऱ्याच दिवशी जालन्याहून आणलं. इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं.

खोकं उघडलं आणि घोडं अडलं. आत वीस फूट पाईप, सात नोझल, दोन ब्रश आणि पिशव्यांची चळत. हे ठेवायचं कुठे? ज्या वस्तूला जागा नाही ती वस्तू टिकत नाही, हा धर्मराजचा नियम. लोकांच्या स्वयंपाकघरात चमच्यांना कप्पे करून देणारा माणूस आपल्याच दुकानात पाईप जमिनीवर लोळू देणार? गिऱ्हाईक काय म्हणेल? मग ठरलं, आधी लगीन कपाटाचं.

पहिल्यांदा खुंट्या ठोकल्या, तर पाईप मुडपला. मग मोटारसायकलची जुनी रिंग आणून त्यावर पाईप गुंडाळायची सोय केली. रिंग नीट फिरेना म्हणून बेअरिंग बसवलं. प्रत्येक नोझलला मापाची खाच पाडली. सगळं जमलं आणि खोक्याच्या तळाशी आठवं नोझल निघालं. त्याला खाचच नव्हती. धर्मराजने अख्खी फळी बदलली. गिऱ्हाइकाची कामं उरकून, जमेल तसं, हे चार महिने चाललं होतं. तोवर धूळ खाणाऱ्या मशीनला धूळ लागू नये म्हणून त्याने त्यावर दोन चादरी टाकून ठेवल्या होत्या.

"तसंच खाली ठिवून लावा की," शालू एकदा म्हणाली होती.

"आठ दिवस थांब," तो म्हणाला होता. ती थांबली.

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. "मग हे काही तरी वेगळं दिसतंय. धूळ बंद होऊन चार महिने झाले आणि खोकला उलट वाढलाय. संभाजीनगरला जावं लागेल. छातीत दुर्बीण घालून आतला तुकडा काढतील, तो तपासायचा. मी चिठ्ठी देते."

शालूचा चेहरा उतरला. तरी तिने आपलं बोलणं मागे घेतलं नाही. नवऱ्याचं हसं होऊ नये म्हणून ही बाई छातीत दुर्बीण घालून घ्यायला तयार झाली होती. धर्मराजला भरून आलं आणि स्वतःची शरमही वाटली.

"लिहू नका, मॅडम," तो म्हणाला. "मशीन चादरीखालीच हाय. एक दिवस बी लावलं न्हाई."

"का?"

"त्याच्या पाईपाला कपाट करून राह्यलो." एकदा सुरुवात झाल्यावर तो थांबला नाही. "माझ्यासारखा अक्कलवान सगळ्या तालुक्यात सापडायचा न्हाई, मॅडम. लेकरू भुकेलं अन् मी पाळण्याला रंग देत बसलो."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. रागवावं की हसावं, हे त्यांना कळेना. "आज दुकानात गेल्याबरोबर मशीन लावायचं," त्या म्हणाल्या. "पाईप जमिनीवर लोळू दे. महिनाभर यांना धुळीत बसवायचं नाही. मग पुन्हा बघू. आणि असं आहे तरी काय त्या कपाटात?"

धर्मराजने मोबाईल पुढे केला. फोटो तयारच होते, अर्ध्या भोकरदनने ते पाहिले होते. डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला. फिरती रिंग, आठ खाचा, आठही नोझल आपापल्या जागी. दार तेवढं बसवायचं राहिलेलं. कडा गोल केलेल्या. फळ्यांवर खिडकीचा उजेड पडून चकाकत होता.

"काम मात्र सुरेख आहे हो," त्या नाइलाजाने म्हणाल्या. "इतकं गुळगुळीत कसं केलंत?"

धर्मराजने सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

शालू त्या दिवशी पहिल्यांदाच हसली. "घासकाम सगळं माझं हाय, मॅडम," ती अभिमानाने म्हणाली. "चार महिने तेच तर करून राह्यले."