व्हर्लनचं आवर्तन

टेनेसीतल्या त्या शाळेच्या सभागृहात दुपारचा कार्यक्रम रंगात आला होता. गाण्याच्या भरात हॉलिसने सवयीने आरोळी ठोकली, “हं व्हर्लन, होऊन जाऊ दे!”

आणि जीभ चावली. त्यांच्या बँडमध्ये मांडीवर आडवी ठेवून स्टील गिटार वाजवणारा व्हर्लन मार्चमध्येच गेला होता. दौऱ्यावर असताना गाडी उलटली नि त्याची मान मोडली.

पण सवय काय एकट्या हॉलिसचीच होती? नाव कानावर पडताच फिडल थांबलं, बाकीचे दबक्या हाताने नुसता ठेका धरून राहिले. व्हर्लनच्या वाट्याचं अख्खं आवर्तन रिकामं गेलं. हॉलिसला दरदरून घाम फुटला.

आवर्तन संपलं, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“भली माणसं आहेत रे,” फिडलवाला ऑर्विल पुटपुटला. “सांभाळून घेतलं आपल्याला.”

कार्यक्रमानंतर एक म्हातारी डोळे पुसत हॉलिसजवळ आली.

“काय रडवलं हो त्या मांडीवर गिटार आडवी घेतलेल्या पोराने! पण एवढ्या टाळ्या पडल्या, तरी मान काही वर केली नाही त्याने. दुखते का हो?”