पायरीवरचा

केशोरीहून आम्ही टाळकरी मंडळी नवेगावबांधला कीर्तनाला निघालो, तर नव्या बसचा दरवाजा लागेना.

जुन्या गाडीला कडी होती. कंडक्टरनं धाडकन ओढली की झालं. हा दरवाजा हवेवर चालतो. पायरीवर कोणी असलं तर तो लागत नाही, आणि तो लागल्याशिवाय गाडी हलत नाही. पायरी रिकामी होती, तरी भोंगा वाजतच होता.

"उतर ना बे, जो असशीन तो!" ड्रायव्हर विक्की ओरडला. मग आमच्याकडे वळला. "काकी, तुमचा देव लटकून राहिला का? टिकीट काढ म्हणा त्याले."

आमच्यातल्या कुंदाबाईंच्या मांडीवर मारुतीचा पाट होता. मारुतीराय कीर्तन ऐकायला येतात, म्हणून आम्ही तो रिकामा मांडतो. उशीर होत होता. त्यांनी पाट ड्रायव्हरच्या मागे ठेवला आणि पायरीकडे हात जोडले.

"या महाराज, बसा."

दरवाजा अलगद लागला.

विक्की वाटभर खिदळत होता. "या फुकट्या देवासाठी टाळ कुटता का वं?" वळणावर आमच्या पिशव्या घरंगळल्या, टाळ सांडले. गुळगुळीत पाट तेवढा जागचा हलला नाही.

नवेगावला आम्ही सगळे उतरलो. शेवटी कुंदाबाई पाट उचलून पायरी उतरल्या.

मागून विक्कीचा वैतागलेला आवाज आला. "काकी, खांद्यावरचा हात काढा ना. सगळे उतरले, तुम्ही काऊन थांबून राहिल्या?"

कुंदाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, दोन्ही हातांनी पाट धरून.

दरवाजा पहिल्याच दमात लागला.