गोटी सोडा

"इनको देखा क्या?" मी फोनमधला ह्यांचा फोटो आणखी एका हातगाडीवाल्यासमोर धरला. दिल्लीच्या उन्हात दुपारपासून शोधत होते. मुलगा सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकत बसला होता. ग्रुप काय कपाळ शोधणार? ह्यांना त्याच्या घराचा पत्ता सांगता येत नाही. हल्ली मलाही 'ताई' म्हणतात.

गाडीवाल्यानं फोटो नीट पाहिला. "बाबूजी आए थे. गोटी सोडा माँग रहे थे. मैंने कहा, यहाँ नहीं मिलता."

सगळं विसरले, पण मिरजेच्या स्टँडवरचा सोडा विसरले नाहीत. दुकानदाराला कधी बाटली फोडू द्यायचे नाहीत. अंगठ्यानं गोटी स्वतः दाबायचे आणि पहिला घोट मला द्यायचे.

"बैठिए माताजी, बंटा पीजिए." त्यानं बर्फाच्या पेटीचं झाकण उचललं. आत हिरव्या बाटल्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात गोटी. इथं गोटी सोड्याचं नावच बंटा.

मी रस्त्याकडे पाहिलं. पार चौकापर्यंत दोन्ही बाजूंना अशाच गाड्या होत्या, आणि प्रत्येक जण ह्यांना 'नाही' म्हणून पुढे पाठवणार होता.

फोन पर्समध्ये टाकला. पुढच्या गाडीवर जाऊन विचारलं, "गोटी सोडा है?"

"नहीं है." तो वैतागला. "आज सबको यही चाहिए क्या?"

मी त्याच्या पुढच्या गाडीकडे धावत सुटले.