गिळलेली चिठ्ठी

"हवालदार, ह्यानं कागद गिळला!" शिपाई केरबाने कैद्याचा जबडा आवळून धरला, पण उशीर झाला होता.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतली त्यांची मराठी पलटण इटलीत होती. तिथल्या डोंगरात जर्मनांशी लढणारे भूमिगत आणि जर्मनांना साथ देणारे निमलष्करी यांची भाषा एकच होती आणि बंदुकाही सारख्याच. फरक सिद्ध करणारी वस्तू एकच: इंग्रज मेजरच्या सहीची चिठ्ठी. ती असेल तो मित्र.

केरबाची पकड थोडी सैल होताच कैदी बोलला; दुभाष्याने त्याचे म्हणणे सांगितले. "गिळली ती चिठ्ठीच होती, म्हणतो. आपल्यासारखे सावळे सैनिक त्याने कधी पाहिले नव्हते, आपल्याला शत्रूच समजला. पकडले गेल्यास कागद गिळायचा, असा त्यांचा नियम आहे."

"मंग सही बघाय आता पोटात शिरायचं व्हय?" केरबा उसळला. "खोटं बोलतोय. घाला गोळी."

हवालदार सणस गोंधळले. कैद्याचे म्हणणे तर्काला धरून होते. पण हेरानेही नेमके हेच सांगितले असते.

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतः, केरबासमोरच, एक कागद जाळला होता. रजेवरून परतताना केरबाने साताऱ्याहून आणलेले ते सणसांच्या धाकट्या भावाचे पत्र होते; ते सापडून भाऊ पकडला जाऊ नये म्हणून जाळले. ज्या इंग्रज सरकारची वर्दी सणसांच्या अंगावर होती, त्याच सरकारच्या टेलिफोनच्या तारा भूमिगत राहून तोडणारा हा भाऊ.

सणसांनी अहवालात लिहिले: 'मित्र.'

"पुरावा काय, हवालदार?"

"तू आणलेलं पत्र मी जाळलं, तेव्हा मला काय समजलास? मित्र की शत्रू?"

केरबाने कैद्याचा जबडा सोडला.

"ते अजून ठरलं न्हाई, हवालदार."