तिसरं पान

न्यायाधीशांनी चष्मा चढवला, निकालाचे कागद उचलले, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या कारखान्याच्या पहारेकऱ्याने सवयीने कंबर चाचपली. किल्ल्यांचा जुडगा तिथे नव्हताच. हात तसाच खाली आला.

समोर बसलेल्या, न्यायाधीशांच्या लॉ क्लार्कला एकदम आठवलं. किल्ल्या! कॅन्टीनवाली बाई!

निकाल या क्लार्कनेच लिहिला होता. न्यायाधीशांची पद्धत सगळ्या इमारतीला ठाऊक होती. खटल्याचं बाड कितीही जाड असो, क्लार्कने त्याचं टिपण दोन पानांत द्यायचं. तिसऱ्या पानाला साहेब हात लावत नसत. पाठीमागे लोक त्यांना 'दोनपानी साहेब' म्हणत. टिपण वाचून ते हिरव्या पेन्सिलीने 'मंजूर' किंवा 'फेटाळा' एवढंच लिहीत. पुढचा निकाल ती लिही आणि सही तेवढी त्यांची. पहारेकऱ्याच्या अपिलावर 'फेटाळा' होतं.

कारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं आणि दोन कामगार आत गुदमरले. किल्ल्या पहारेकऱ्याकडे असत, म्हणून खालच्या कोर्टात त्याला सात वर्षांची सजा झाली होती. पण सतराव्या साक्षीदाराने, म्हणजे तिथल्या कॅन्टीनवाल्या बाईने, चहाच्या कपांचं चऱ्हाट वळता वळता, सांगितलं होतं की आगीच्या तासभर आधी त्याने जुडगा मॅनेजरच्या हातात दिला, तिच्यादेखत. पहारेकऱ्याच्या वकिलालाही ते दिसलं नाही. क्लार्कला दिसलं होतं. तिने ते टिपणात लिहिलंही होतं. मग शेवटच्या दोन ओळी तिसऱ्या पानावर गेल्या, आणि बाईचं म्हणणं तसं फुटकळच वाटलं म्हणून तिने नेमक्या बाईच्याच दोन ओळी उडवल्या.

"या न्यायालयाने सर्व पुरावा बारकाईने तपासला आहे," न्यायाधीश वाचू लागले. वाक्य तिचंच होतं. पहिल्या बाकावर पहारेकऱ्याची बायको पदर मुठीत आवळून ऐकत होती.

निकाल वाचताना साहेबांना टोकणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. शेवटचं पान यायला फार तर चार मिनिटं होती. तिने चिठ्ठीवर लिहिलं, 'साक्षीदार सतरा. आधी वाचा, सर.' ती उठली. चिठ्ठी तिने साहेबांपुढे सरकवली. स्टेनो तिच्याकडे वेडी झालीस का अशा नजरेने बघत राहिला.

न्यायाधीशांनी चिठ्ठी वाचली. तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं.

"कामकाज पंधरा मिनिटं थांबेल."

चेंबरमध्ये त्यांनी स्वतः बाडाची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. कुठलं टोक ओढायचं हेच त्यांना कळत नव्हतं. शेवटी क्लार्कने सोडली. त्यांनी सतरावी साक्ष उभ्यानेच वाचली, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली. सरकारी वकिलाने बाईला उलटतपासणीत एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

हिरवी पेन्सिल उचलून त्यांनी 'फेटाळा' खोडलं.

"घरी जाईल हा माणूस," ते म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. "चूक माझी आहे, सर. मी राजीनामा देते."

"राजीनामा राहू दे. बसा."

पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते भिंतीलगतच्या कपाटाकडे बघत होते. काचेआड तीन वर्षांची टिपणं रचलेली होती, प्रत्येकावर हिरवा शेरा. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला.

"हे असं आजच झालं ना?"

हो म्हणणं सोपं होतं. साहेबांना तेच ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर तिलाही.

"आजच कसं, सर?" ती म्हणाली. "दर वेळी कोणाचं तरी काहीतरी गाळल्याशिवाय दोन पानांत बसतच नाही."