शिंपल्यांचे डोहाळे

ज्योतीराम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून इंद्रायणीत उतरला, तसा फेस त्याच्या पोटऱ्यांना चिकटला. काठावरच्या दगडावर त्याची लेक कस्तुरा सातव्या महिन्याचं पोट सांभाळत बसली होती. तिला शिंपल्यांच्या कालवणाचे डोहाळे लागले होते. नवऱ्याने पिंपरीच्या बाजारातून समुद्राचे आणून दिले, तर तिने ताट बाजूला सरकवलं. नदीचेच हवेत म्हणाली. डोहाळे काय माणसाला विचारून लागतात?

"पायानं चाचपा, तात्या. मला शिकीवलं व्हतं तसं."

ज्योतीरामने मान हलवली. शिंपले मिळणार नाहीत याची त्याला खात्री होती, म्हणून तर तो तिला घेऊन आला होता. वरच्या कारखान्यांच्या नाल्याने नदीत काही जगू दिलं नव्हतं. पोरीने एकदा डोळ्यांनी बघितलं की ती हट्ट सोडेल, आपल्याला नाही म्हणावं लागणार नाही. पहिलटकरणीला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

पूर्वी रविवारी अर्धं गाव हौसेने पाण्यात असायचं. गप्पा मारता मारता पाट्या भरायच्या. आता अंगठ्याला नुसता काळा गाळ लागत होता आणि मेलेल्या शिंपल्यांची रिकामी कवचं. त्याला वाईट वाटत होतं, आणि मनातून सुटल्यासारखंही.

तेवढ्यात अंगठा एका धारेला अडला. त्याने वाकून गाळातून शिंपला उपसला. चांगला जड होता. बोट लावताच त्याने तोंड घट्ट मिटलं.

"जिता हाय," ज्योतीराम म्हणाला, आणि सगळं विसरून हसला.

शेजारीच आणखी होते. त्याने ते भराभर काढून पाटीत टाकले. कस्तुराने सगळ्यात मोठा उचलला. तो तिच्या तळहातात मावेना. तीही हसली.

पाटीतल्या एका शिंपल्याने चूळ टाकली. थेंबभर पाणी, पण त्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरला. ज्योतीरामचं हसू विरलं. शिंपला नदी पिऊनच जगतो. त्याची नजर लेकीच्या पोटाकडे गेली.

त्याने पाटी उचलली. एकेक शिंपला परत गाळात उभा रोवला. शेवटचा तिच्या हातातून काढून घेतला.

"तात्या?"

"पिल्लं हायती गं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "बारकी काढू न्हाई. पुढल्या साली मोठी व्हतील."

कस्तुरा रिकाम्या तळहाताकडे बघत राहिली. मग तिने हात पदराला पुसला.

"व्हय," ती म्हणाली. "लई बारकी व्हती."